पोट दाखवण्याची अट नाही

नाशिकमधल्या उपनगर नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सुवर्णा कुटे मधल्या दांड्याला धरून उभी होती. कंडक्टरच्या सीटवर तिने एका गरोदर बाईला बसवलं होतं. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर नवा बोर्ड लागला होता. ‘बेली डान्स. फक्त महिलांसाठी. वयाची अट नाही. वजनाची अट नाही. पोट दाखवण्याची अट नाही.’ खाली फोन नंबर. शेवटची ओळ सुवर्णाने दोनदा वाचली. नंबरचे पाच आकडे टिपून होतात तोवर सिग्नल सुटला. उरलेले पाच तिने सिन्नरहून परत येताना मान वळवून टिपले.

सुवर्णा त्रेचाळीस वर्षांची होती. नाशिक-सिन्नर मार्गावर चौदा वर्षं कंडक्टर. पंचवटीत हिरावाडीला घर, नवरा योगेश सिन्नरच्या एमआयडीसीत मशीनवर, मुलगी वेदिका पुण्याला शिकायला. तीन वर्षांपूर्वी सुवर्णाची गर्भपिशवी काढली होती. त्याआधीची दोन वर्षं सारखं अंगावरून जायचं, आणि मोहदरी घाटात गाडी अडकली की ती मनात हिशोब करायची. आता तासभर कुठे जाता येणार नाही आणि साडी नाही तर सलवार खराब होणार, हे ठरलेलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही मोकळ्या झालात.

पण मोकळं काही वाटेना. बेंबीखाली आडवा व्रण राहिला आणि त्याच्या आजूबाजूची चामडी बधिर झाली. कुणीतरी सांभाळायला दिलेलं गाठोडं बांधून फिरावं तशी ती ते पोट घेऊन फिरायची. अंघोळ करताना तिथे हात लावायची नाही, वरून नुसतं पाणी ओतायची. वर्षभरात पाठ आखडली. रस्त्यातला प्रत्येक खड्डा टाचेतून मानेपर्यंत जायचा. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने तिला चालायला लावलं आणि म्हणाली, “ताई, तुमची कंबर हलतच नाही. फळीसारख्या चालता. तिला हलवायला शिकवा.” व्यायामाचा एक कागद दिला. सुवर्णाने तो बारा दिवस केला. मग एका जिममधल्या नाचाच्या क्लासला गेली. तिथला मास्तर सगळ्यांकडे पाठ करून, मोठ्याने गाणी लावून स्वतःच नाचायचा. तिसऱ्या दिवशी सुवर्णा मध्येच थांबली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती थांबली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली नाही.

बोर्डवरच्या नंबरला फोन लावताना तिला वाटलं होतं, कुणी नाजूक आवाजाची पोरगी उचलेल.

“उज्वला बोलतेय. बोला.” आवाज जाडसर होता, शाळेतल्या बाईंसारखा.

सुवर्णाने नाव सांगितलं, वय सांगितलं.

“पाठ, गुडघे, बीपी? काही ऑपरेशन?”

“पिशवी काढलीय. तीन वर्षं झाली.”

“दुर्बिणीने की टाके घालून?”

“टाके.”

“डॉक्टरांनी नाचाला हो म्हटलंय?”

“तीन वर्षं झाली ना आता.”

“ते कळलं. पण हो म्हटलंय का?”

“विचारलं नाही.”

“मग आधी विचारून या,” उज्वला म्हणाली. “आणि शनिवारी चारला या. पहिल्या दिवशी नुसतं बसून बघा. नाही पटलं तर चहा पिऊन घरी जा.”

फोन ठेवल्यावर सुवर्णाला जरा रागच आला. प्रवेश घ्यायच्या आधीच परीक्षा. पण रागातच ती दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेली, आणि फिजिओथेरपिस्टने हो म्हटलं. अट एकच घातली, पाठीमागे कमान करायची नाही. शनिवारची दुपार मोकळी मिळावी म्हणून सुवर्णाने डेपोतल्या एकीशी पाळी बदलून घेतली. त्यासाठी पहाटे साडेतीनला उठावं लागणार होतं. तिने गजर लावला.

हॉल साधाच होता. सकाळी तिथे योगाचा वर्ग भरायचा. एका भिंतीला आरसा होता, पण त्यावर चादर टाकलेली. उज्वला पन्नाशी ओलांडलेली, भरल्या अंगाची, आखूड केसांची बाई निघाली. सैल पायजमा, लांब कुडता, कंबरेला जुनी ओढणी गाठ मारून बांधलेली. वर्गात पाच जणी होत्या. दोन कॉलेजच्या मुली, एक बँकेतली, एक घरी डबे करणारी आणि एक सत्तरीला टेकलेली निवृत्त शिक्षिका. कुणीही टीव्हीवरच्या नाचणारणीसारखी दिसत नव्हती.

सुवर्णा खुर्चीवर बसून बघत राहिली. पहिली वीस मिनिटं कुणी नाचलंच नाही. घोटे फिरवणं, गुडघे सैल करणं, खांदे, मान. मग उज्वलाने मोबाइलवर नुसता ढोलाचा ताल लावला. त्यावर बायका कंबरेची एकच बाजू खाली सोडत होत्या, परत वर घेत होत्या. बस एवढंच. उज्वला स्वतः फारशी करत नव्हती. ती प्रत्येकीच्या शेजारी जाऊन उभी राहायची, विचारायची, “हात लावू का?” आणि हो म्हटलं तरच दोन बोटांनी कंबर जरा पुढे किंवा मागे करायची. एका मुलीने मान हलवून नाही म्हटलं, तर ती समोर उभी राहिली आणि स्वतःच्या अंगावर दाखवलं. त्यात काही झाल्यासारखं कुणाला वाटलं नाही.

वर्ग संपल्यावर चहा पिताना उज्वला सुवर्णाजवळ येऊन बसली.

“आधीच सांगते, म्हणजे नंतर फसवणूक वाटायला नको,” ती म्हणाली. “पहिल्या महिन्यात तुम्हाला नाच येणार नाही. नीट उभं राहता येईल. तीन महिन्यांनी चार गोष्टी येतील. पोट कमी होईल असं मी कुणाला सांगत नाही, कुणाचं होतं, कुणाचं होत नाही. दुखलं की थांबायचं आणि मला सांगायचं. हसून सहन करायचं नाही. हसऱ्या चेहऱ्यावरून मला काही कळत नाही.”

“तुम्ही कुठे शिकलात?” सुवर्णाने विचारलं.

“पुण्यात अकरा वर्षं. माझ्या बाई कैरोला राहून शिकून आल्या होत्या. मी स्वतः तिकडे एकदाच गेलेय, महिनाभर. तिथे हे बायका लग्नात, घरात नाचतात, आपल्याकडे हळदीला नाचतात तसं. स्टेजवरचं वेगळं. मला जेवढं येतं तेवढंच शिकवते. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगते.”

सुवर्णाने कप खाली ठेवला. “पुढच्या शनिवारी येते,” ती म्हणाली.

शिकायच्या पहिल्या दिवशी उज्वलाने तिला नुसतं उभं राहायला सांगितलं आणि तिच्याभोवती एक फेरी मारली.

“काम काय करता?”

“एसटीत कंडक्टर.”

“मग उभं राहणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं. फक्त गुडघ्यांना कुलूप लावून उभ्या राहता. ते काढा. वाकवू नका, नुसतं कुलूप काढा.”

सोमवारी गाडी शिंदे गावाजवळच्या खराब पट्ट्यात शिरली तेव्हा सुवर्णाला ते आठवलं. तिने गुडघे सैल सोडले. खड्डा आला आणि पोटऱ्यांतच विरला. मानेपर्यंत पोचला नाही. तिला वाटलं योगायोग असेल, म्हणून पुढचे दोन खड्डे तिने लक्ष देऊन घेतले. तेही विरले. त्या संध्याकाळी तिने पाठीला मलम लावलं नाही.

पण नाच काही सोपा नव्हता. दुसऱ्या आठवड्यापासून उज्वलाने कंबरेने आठाचा आकडा काढायला शिकवला. “इंग्रजी आठ हं, मराठी नव्हे,” ती म्हणाली. “मराठी काढलात तर एकाच बाजूला अडकाल.” सगळ्या हसल्या आणि आकडा काढू लागल्या. निवृत्त बाईंनासुद्धा जमला. सुवर्णाची कंबर उजवीकडे जायची आणि तिथेच थांबायची. मग खांद्यासकट सगळं अंग एकदम डावीकडे यायचं, दार ढकलल्यासारखं. बेंबीखालचं जे काही होतं ते हलायला तयारच नव्हतं. तिथे तिला काही जाणवतच नव्हतं, तर हलवणार काय?

“जमलं का?” ती दर वेळी विचारायची.

“अजून नाही,” उज्वला म्हणायची. कधी खोटं छान म्हटलं नाही. पण प्रत्येक वेळी पुढे एक गोष्ट सांगायची. आज टाच उचलली जात होती. आज श्वास धरून ठेवला होता. आज डावी बाजू थोडी आली होती, तुम्हाला कळलं नाही, मला दिसलं.

तिसऱ्या शनिवारी उज्वलाने सगळ्यांना एक हात पोटावर, बेंबीखाली ठेवायला सांगितला, म्हणजे आतला स्नायू हलतो की नाही ते कळेल. सुवर्णाचा हात अर्ध्यावर आला आणि थांबला.

“मला नाही ठेवायचा,” ती म्हणाली.

“मग कंबरेवर ठेवा,” उज्वला म्हणाली आणि पुढच्या बाईकडे गेली. का म्हणून विचारलं नाही. घरी येताना रिक्षात सुवर्णाला त्याच गोष्टीचं सगळ्यात जास्त बरं वाटत होतं.

घरी ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून सराव करायची. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उजवीकडून, भाजीला फोडणी घातली की डावीकडून. योगेश दोन दिवस दारातून बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “हे नक्की काय चाललंय?”

“सांगितलं ना. बेली डान्स.”

“मला वाटलं चेष्टा करतेस.” तो आत आला. “कुणी विचारलं तर व्यायाम सांगू का?”

“व्यायाम पण आहे,” सुवर्णा म्हणाली. “पण मी शिकतेय तो नाच आहे. विचारलं तर नाचच सांग.”

योगेशने मान हलवली. त्याला ते आवडलं नव्हतं, पण नाही म्हणण्याइतकं कारणही त्याच्याकडे नव्हतं. तीन वर्षं त्याने तिच्या पाठीला मलम लावून दिलं होतं.

पाचव्या आठवड्यात घोटाळा झाला. उज्वलाने शिमी शिकवायला घेतली. गुडघे भराभर पुढे-मागे करायचे, म्हणजे कंबर आपोआप थरथरते. सुवर्णाला ती पहिल्याच झटक्यात आली. धावत्या गाडीत उभं राहण्यासारखंच होतं ते. आठाच्या आकड्याने तीन आठवडे छळलं होतं. इथे तिला काहीतरी येत होतं. उज्वलाने ताल वाढवला. सुवर्णाने वेग वाढवला. आणखी वाढवला. मग कमरेत डावीकडे एकदम कळ आली आणि ती जागच्या जागी बसली.

उज्वलाने संगीत बंद केलं. तिला जमिनीवर निजवलं, गुडघे वर घेऊन पाय खुर्चीवर ठेवायला लावले. बाकीच्यांना म्हणाली, “आजचा वर्ग इथेच थांबतो.” आणि अर्धा तास तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. मग रिक्षा बोलावून तिला घरापर्यंत सोडून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

“चूक माझी होती,” ती म्हणाली. “तुमची पाठ तयार नव्हती आणि मी ताल वाढवला.”

“मीच जोर केला, उज्वलाताई.”

“तुम्ही जोर करणारच, तुम्ही तशाच आहात. थांबवायचं काम माझं होतं. दोन आठवडे यायचं नाही. त्या फिजिओ मुलीला दाखवा आणि तिने काय सांगितलं ते मला कळवा. नंतर यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही आलात तरी मी फोन करून विचारेन कशा आहात, पण या म्हणून आग्रह करणार नाही.”

सुवर्णा फोन हातात धरून पडून राहिली. चौदा वर्षांच्या नोकरीत आणि त्याआधी शाळेत, तिला शिकवणाऱ्या कुणीही चूक माझी होती असं तिला कधी म्हटलं नव्हतं.

त्याच दोन आठवड्यांत तिची सासू नवसाबाई सायखेड्याहून आली. गुडघे दाखवायला आणलं होतं. थोरला मुलगा रंगनाथ, योगेशचा भाऊ, तिला मोटरसायकलवर बसवून दारात सोडून गेला. नवसाबाईने आत पाऊल टाकलं तर सून भरदिवसा शेक घेत पडलेली.

“काय झालं?” तिने विचारलं.

सुवर्णाला ‘गाडीत लचकली’ म्हणता आलं असतं. तिने खरं सांगितलं.

नवसाबाईने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “सून नाचायला जाती. या वयात. आन् वरतून पाठ मोडून घेती.”

संध्याकाळपर्यंत ही बातमी सायखेड्याला पोचली. रंगनाथचा फोन आला तो योगेशला, पण बोलत होता असा की घरभर ऐकू यावं. “आपल्या घरात असलं नाय चालत. ते अंगप्रदर्शन हाय. उद्या गाडीत कुणी पॅशिंजर काय बोललं म्हणजे? सुवर्णाला सांग, झालं तेवढं पुरं.”

योगेशने सुवर्णाकडे पाहिलं. तिने हात पुढे केला आणि फोन घेतला.

“दादा, मी सुवर्णा बोलतेय. माझी पाठ बरी झाली की मी परत जाणार आहे. गाडीत कुणी काही बोललं तर मी बघून घेईन, चौदा वर्षं बघतेच आहे.”

“आईला विचारलं का?”

“आई माझ्यासमोरच बसल्यात. त्यांना काय वाटतं ते त्या मला सांगतील.”

तिने फोन योगेशकडे दिला. थोरल्या दिराला असं उत्तर तिने लग्नानंतर पहिल्यांदाच दिलं होतं. नवसाबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

फिजिओथेरपिस्टने पाठ तपासली. स्नायू धरला होता, बाकी काही नव्हतं. हळूहळू सुरू करा म्हणाली. शनिवारी दुपारी सुवर्णाने ओढणी पिशवीत घातली तेव्हा नवसाबाई उठून उभी राहिली आणि चपला शोधू लागली.

“म्या येते,” ती म्हणाली. “काय हाय ते बघू दे मला.”

सुवर्णाने रिक्षातून उज्वलाला फोन केला. उज्वला म्हणाली, “या दोघी. पण बाकीच्यांना विचारावं लागेल. एकीने जरी नाही म्हटलं तरी त्यांना बाहेर बसावं लागेल, चालेल का विचारा.”

हॉलच्या दारात नवसाबाईला थांबवून उज्वलाने खरंच सगळ्यांना विचारलं. बँकेतली बाई जरा घुटमळली. “बसू देत,” ती म्हणाली, “फक्त फोटो-व्हिडिओ नको.”

“माझा फोन बटणांचा हाय,” नवसाबाई दारातूनच म्हणाली. तिला खुर्ची मिळाली.

त्या दिवशी उज्वलाने सुवर्णाला शिमी करू दिली नाही. बाकीच्या करत असताना ती सुवर्णाला कोपऱ्यात घेऊन गेली आणि आठाचा आकडा काढायला लावला. इतका सावकाश की एका आकड्याला सोळा ठोके. “पुढे जायची घाई करू नका. प्रत्येक ठोक्याला विचारा, आत्ता वजन कुठल्या पायावर आहे? एवढंच.”

सुवर्णाने डोळे मिटले. उजव्या पायावर. अजून उजव्या. अर्धं-अर्धं. डाव्या. सासू बघतेय हे पहिली काही मिनिटं तिच्या मानेवर बसून होतं. मग ते सुटलं. वजन उजवीकडून डावीकडे जाताना मध्ये एक जागा होती, तिथे दर वेळी काहीतरी अडायचं. तिथे आत काय होतंय ते तिला कळत नव्हतं. ती थांबली. मग तिने कंबरेवरचा उजवा हात काढला आणि स्वतःहून बेंबीखाली ठेवला, थेट व्रणावर, कुडत्यावरूनच.

चामडीला काही जाणवलं नाही. पण तळव्याला जाणवलं. बधिर चामडीच्या खाली काहीतरी घट्ट होत होतं आणि सैल पडत होतं. ते तिचंच होतं. तीन वर्षं ते तिथेच होतं आणि काम करत होतं. तिने वजन सरकवलं, आणि त्या अडणाऱ्या जागी हाताखालचा स्नायू आत ओढला. कंबर वळली. खांदे जिथल्या तिथे राहिले. डावीकडून मागे, मग पुन्हा मध्यावर, पुन्हा उजवीकडे.

तिने डोळे उघडले. उज्वला समोर उभी होती.

“जमलं?”

“एकदा जमलं,” उज्वला म्हणाली. “परत करा.”

दुसरा आकडा जमला नाही. तिसरा जमला. सहाव्यापर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसायला थांबत नव्हती, कारण हात तिथून काढायचा नव्हता. उज्वलाने टिश्यूचा डबा जवळच्या खिडकीत ठेवला आणि बाकीच्यांकडे गेली.

परतताना रिक्षात नवसाबाई द्वारका चौकापर्यंत गुडघे चोळत होती. मग म्हणाली, “ती बाई नाचतच नव्हती.”

“कोण, उज्वलाताई?”

“नुसती तुमच्या गुडघ्यांकडं बघत होती. एक तास. कुणाचा गुडघा कुठं चाललाय. बाजारात बैल घेताना त्याची चाल बघावी तसं.” ती बाहेर बघत राहिली. “माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं तव्हा पंधराव्या दिवशी कांदे लावायला गेले. ओणव्यानं. कुणी विचारलं नाय, पोट दुखतं का म्हणून. म्या पण सांगितलं नाय.”

सुवर्णाने सासूचा हात हातात घेतला. नवसाबाईने तो थोडा वेळ राहू दिला आणि मग पदर सावरण्यासाठी काढून घेतला.

त्या रविवारी रंगनाथचा पुन्हा फोन आला. या वेळी नवसाबाईनेच उचलला. “म्या बघून आले,” ती म्हणाली. “अंग झाकलेलं असतं. बाई शहाणी हाय. तू बघितलं नाय, तर तू बोलू नको.” पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “बरं, गावात नको सांगू. पण हिला पण काय बोलायचं नाय.” फोन ठेवून तिने सुवर्णाला सांगितलं, “मला काय आवडलं असं समजू नको.”

“नाही समजत, आई.”

“पण सोडू पण नको आता. अर्ध्यावर सोडलं तर त्याचंच खरं व्हईल.”

सुवर्णाने सोडलं नाही. दिवाळीच्या गर्दीत जादा गाड्यांवर दोन शनिवार हुकले, ते तिने उज्वलाला आधी कळवून, घरी सराव करून भरून काढले. आठाचा आकडा पक्का झाला. कंबर सोडणं आलं. दुम आणि तक हे दोन ठोके कानाला वेगळे कळू लागले: एक ढोलाच्या मधोमध पडणारा जड, दुसरा काठावरचा हलका. दोन महिन्यांनी उज्वलाने पहिल्यांदा चिल्लर नाण्यांचा पट्टा कंबरेला बांधायला दिला. “आधी दिला असता तर तुम्ही त्या आवाजाच्याच मागे लागला असता,” ती म्हणाली. शिमी परत सुरू झाली ती अगदी हळू, आणि ताल कधी वाढवायचा हे उज्वला आता सुवर्णाला विचारून ठरवायची.

डेपोतल्या महिलांच्या विश्रांतिकक्षात एकदा सुमनबाई, तिच्याहून मोठी कंडक्टर, पाय पसरून बसली होती. “सुवर्णा, तुझी पाठ कशी गं बरी झाली?” तिने विचारलं. सुवर्णाने सांगितलं. दोघी-तिघी हसल्या. एकीने दार लावलं आणि म्हणाली, “दाखव मग.”

सुवर्णा उठली. वर्दीवरच, बुटांतच, तिने एक आठाचा आकडा काढला. हसणं थांबलं.

“आम्हाला शिकव,” सुमनबाई म्हणाली.

“नाही,” सुवर्णा म्हणाली. “मला अजून शिकवण्याइतकं येत नाही. कुणाची पाठ धरली तर मला सोडवता येणार नाही. शनिवारी माझ्याबरोबर चल. आधी डॉक्टरांना विचारून ये.”

सुमनबाईने दोन शनिवार काहीतरी कारणं सांगितली. तिसऱ्या शनिवारी ती आली.

जानेवारीत उज्वलाने सुवर्णाला बाजूला घेतलं. “रविवारी सकाळी दुसरा वर्ग असतो. दोन-तीन वर्षं शिकलेल्या आहेत. तुम्ही त्यात यावं असं मला वाटतं. पण सांगून ठेवते, तिथे तुम्ही सगळ्यात कच्च्या असाल. निदान सहा महिने.”

“इथे मला आता जमतंय,” सुवर्णा म्हणाली.

“म्हणूनच.”

सुवर्णाने रात्रभर विचार केला नाही. तिथल्या तिथे हो म्हणाली, कारण विचार केला असता तर तिने नाही म्हटलं असतं हे तिला ठाऊक होतं. रविवारच्या पाळीसाठी पुन्हा एकीची मनधरणी करावी लागली.

त्या वर्गात आरशावर चादर नव्हती. आठ बायका होत्या, सगळ्यांचे हात पाण्यासारखे चालत होते. सुवर्णाने स्वतःला आरशात पाहिलं: जाड, ठेंगणी, वर्दीच्या बाहेर जरा अवघडलेली, कंबरेला पट्टा. मागच्या ओळीत कोपऱ्याला जागा मोकळी होती. मधल्या ओळीतही एक होती. ती मधल्या ओळीत गेली.

उज्वलाने ताल लावला. चालत-चालत आठ काढायचा होता, हात वर ठेवून. पहिल्या फेरीत सुवर्णाचा पाय चुकला आणि ती शेजारणीवर आदळली. दुसऱ्या फेरीत पाय बरोबर पडला, पण हात खाली आले. शेजारीण म्हणाली, “होईल.” सुवर्णाने मान हलवली, हात पुन्हा वर घेतले आणि तिसऱ्या फेरीचा पहिला ठोका पडायची वाट बघू लागली.